जर्मनीत कारखान्याच्या सांडपाण्याचा परवाना: फॉर्मला हात लावण्याआधी पाणी मोजा

चाकण-भोसरीकडून जर्मनीतल्या प्लांटवर आलेले आपले इंजिनिअर एक चूक हमखास करतात. पहिल्याच आठवड्यात जलखात्याच्या संकेतस्थळावरून अर्जाचा नमुना उतरवून घेतात आणि वरून खाली भरत सुटतात. तिसऱ्या पानावर ‘टाइलश्ट्रोम’ हा शब्द येतो आणि गाडी अडते. आपल्याला सवय ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या, आउटलेटपासून बोलायला सुरुवात करायची. जर्मन अधिकारी विचारतो, कोणत्या टाकीतून किती पाणी निघतं, त्यात काय असतं आणि ते दुसऱ्या पाण्यात कुठे मिसळतं. टाइलश्ट्रोम म्हणजे असा एकेक वेगळा प्रवाह. त्याचं उत्तर तयार नसेल तर अर्ज कितीही नीट भरा, तो ‘अपूर्ण’ म्हणून परत येणार.

खालचा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून निकेल-क्रोम प्लेटिंगचा, म्हणजे धातूचा मुलामा चढवणारा, एक मध्यम कारखाना धरला आहे. डेअरी किंवा कापड रंगवण्याचा कारखाना असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १: पाणी नक्की कुठे जातं ते शोधा

जर्मनीच्या जल कायद्यात, म्हणजे वासरहाउसहाल्ट्सगेझेट्झमध्ये (ऑफिसात सगळे ‘वेहागे’ म्हणतात), दोन वेगळ्या वाटा आहेत.

पाणी सरळ नदी, ओढा किंवा भूजलात जात असेल तर ती डिरेक्टआइनलाइटुंग. त्यासाठी कलम ८ प्रमाणे ‘एरलाउबनिस’ (परवानगी) लागते आणि अटी मुख्यतः कलम ५७ मध्ये आहेत. पाणी गावाच्या गटारातून गावाच्या शुद्धीकरण केंद्रात जात असेल तर ती इनडिरेक्टआइनलाइटुंग. तिथे कलम ५८ प्रमाणे ‘गेनेमिगुंग’ (मंजुरी) लागते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. अर्जाच्या शीर्षकातच चुकीचा शब्द असला की फाइल दुसऱ्याच टेबलावर जाते.

आपण कोणत्या वाटेत आहोत हे सगळ्यांना माहीत असतं, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. बऱ्याच औद्योगिक वसाहतींत पावसाच्या पाण्याची आणि मैल्याची वाहिनी वेगवेगळी असते. आवारातली जाळी पावसाच्या वाहिनीला जोडलेली असेल तर तिथे ओतलेली बादली थेट ओढ्यात जाते. कंप्रेसरचं तेलकट पाणी किंवा फोर्कलिफ्ट धुतलेलं पाणी अशा जाळीत सोडणारा कारखाना नकळत ‘थेट सोडणारा’ झालेला असतो, तेही परवान्याशिवाय.

तपासा: जुन्या ड्रेनेज नकाशावर विसंबू नका. शंका असलेल्या प्रत्येक जाळीत हिरवा युरानिन रंग टाकून तो कुठे निघतो ते पाहा. मात्र आधी जलखात्याला आणि अग्निशमन दलाला फोन करून ठेवा. ओढा हिरवा दिसला की कोणीतरी गाडी बोलावतंच.

थांबा: गावाने गटाराची जोडणी दिली म्हणजे परवाना मिळाला, असं नाही. जोडणी आणि गावाची ड्रेनेज नियमावली ही गावाची बाब. कलम ५८ ची गेनेमिगुंग हा राज्याच्या जलखात्याचा वेगळा कागद. बऱ्याचदा दोन्ही लागतात.

## टप्पा २: आपला आन्हांग ओळखा

सांडपाणी नियमावलीला, म्हणजे अबवासरफेरऑर्डनुंगला, उद्योगागणिक परिशिष्टं आहेत. त्यांना आन्हांग म्हणतात. दूध प्रक्रिया ३, मांस १०, रसायनं २२, कापड ३८, धातुकाम ४०, खनिज तेल मिसळलेलं पाणी ४९, लॉन्ड्री ५५. प्लेटिंग आन्हांग ४० मध्ये येतं, इथपर्यंत सगळे पोहोचतात.

चूक पुढे होते. एका कारखान्याला एकच आन्हांग लागतो, अशी समजूत असते. आपल्या प्लेटिंगवाल्याकडे कूलिंग टॉवर आणि डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा प्लांट असेल तर त्या पाण्याला आन्हांग ३१ लागतो. आवारात गाड्या धुतल्या जात असतील तर ४९. संडास-बाथरूमचं पाणी यांपैकी कशातच बसत नाही, आणि म्हणूनच ते प्लेटिंगच्या पाण्यात मिसळता कामा नये.

आन्हांग उघडला की लोक थेट मर्यादांच्या तक्त्यावर जातात. तसं करू नका. भाग अ (A) पासून वाचा. भाग बे (B) मध्ये पाणी तयार होण्याआधी काय करायचं ते दिलेलं असतं. प्लेटिंगसाठी तिथे बाथमधून (रसायनाच्या टाकीतून) मालाबरोबर बाहेर येणारं द्रावण निथळून परत घेणं, धुण्याचं पाणी कॅस्केडने, म्हणजे एका टाकीतून दुसरीत सोडत, पुन्हा पुन्हा वापरणं, बाथचं आयुष्य वाढवणं अशा अपेक्षा आहेत. अधिकारी आधी याबद्दल विचारतो. भाग से (C) मध्ये पाणी नदीत सोडण्याच्या जागेच्या मर्यादा, भाग डे (D) मध्ये दुसऱ्या सांडपाण्यात मिसळण्यापूर्वीच्या मर्यादा, आणि भाग ए (E) मध्ये पाणी जिथे तयार होतं त्या जागेच्या अटी.

गटारात सोडणाऱ्याला मुख्यतः भाग डे आणि ए बघायचे असतात. आन्हांग ४० मध्ये प्लेटिंगसाठी भाग डे च्या काही मर्यादा अशा, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये: निकेल ०.५, तांबं ०.५, एकूण क्रोमियम ०.५, सहासंयुजी क्रोमियम ०.१, जस्त २, सहज मुक्त होणारं सायनाइड ०.२. भाग ए मध्ये एक अट दडलेली आहे, जिच्यावर अनेक जण आपटतात. डिग्रीझिंग (तेल-ग्रीस काढण्याचे), धातू उतरवण्याचे आणि निकेलचे बाथ, यांच्या पाण्यात ईडीटीए, म्हणजे धातूला पाण्यात धरून ठेवणारं रसायन, अजिबात चालत नाही.

तपासा: आन्हांगची आजची प्रत वापरा. सहकाऱ्याच्या फोल्डरमधली पीडीएफ नको.

## टप्पा ३: पाण्याचा ताळेबंद जुळवा

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक जण हाच टप्पा एका दुपारीत उरकतात.

गेल्या बारा महिन्यांत मीटरमधून किती पाणी आत आलं आणि ते कुठे गेलं, याचा हिशेब जमाखर्चासारखा लिहायचा. समजा आत आलं १२,००० घनमीटर. बाहेरची बाजू पहिल्या दिवशी अशी दिसली:

- कूलिंग टॉवरमधून उडालेलं: २,१००
- संडास-बाथरूम, कँटीन: ९००
- डीआय प्लांटचं रीजनरेशन: ६००
- रिन्स टाक्या (माल धुण्याच्या): ६,५००
- स्क्रबर (वाफा धुणारं यंत्र): ३५०
- जमीन धुणं: १५०

बेरीज १०,६००. राहिले १,४०० घनमीटर. सोपा मार्ग म्हणजे ते ‘बाष्पीभवन’ म्हणून दाखवायचे. अधिकारी तेच आधी पकडतो, कारण ६० अंशांच्या चार टाक्यांतून वर्षाला इतकं पाणी उडत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

एका प्लांटवर असाच फरक शोधायला आम्ही जेवणाच्या सुट्टीत लाइनवर उभे राहिलो. सगळे जेवायला गेलेले, क्रेन थांबलेली, आणि तिसऱ्या रिन्स टाकीत एक काळा रबरी पाइप सुरूच. टाकी भरून काठावरून सांडत होती. कोणीतरी कधीतरी ‘पाणी स्वच्छ राहावं’ म्हणून तो ठेवला होता, आणि शनिवार-रविवारीही तो चालू असे. रिन्स लाइनला स्वतंत्र मीटर लावल्यावर हिशेब जुळला आणि पाइप काढल्यावर पाण्याचं बिलही उतरलं.

ताळेबंद जुळला की प्रत्येक प्रवाहाला क्रमांक द्या. कुठून निघतो, किती, सतत की बॅचने, त्यात कोणती रसायनं, कोणत्या प्रक्रियेकडे जातो, हे एका तक्त्यात मांडा. हेच तुमचं अबवासरकाटास्टर. पुढे परवाना असेपर्यंत ते अद्ययावत ठेवायचं असतं, म्हणून पहिल्यांदाच नीट करा.

थांबा: संपलेला बाथ म्हणजे सांडपाणी, असं गृहीत धरू नका. टँकरने बाहेर पाठवणार असाल तर तो कचरा म्हणून दाखवायचा आणि कचऱ्याचे कायदे लावायचे. तोच बाथ दोन्ही रकान्यांत दिसला तर पुढच्या प्रश्नांना अंत नाही.

## टप्पा ४: प्रवाह वेगळे ठेवा, नमुना योग्य जागी घ्या

पातळ करून मर्यादा गाठायला सांडपाणी नियमावलीच्या कलम ३ मध्ये मनाई आहे. निकेलच्या पाण्यात कूलिंगचं पाणी सोडून ०.५ मिळालं तर ते मिळालं असं धरत नाहीत. हे कोणी मुद्दाम करत नाही. जुन्या इमारतीत जमिनीखाली एकच नळी असते आणि मिसळणं आपोआप होतं. म्हणून अर्जाआधी नळ्या तोडून वेगळ्या कराव्या लागल्या तरी करा. नंतर ते अट म्हणून बेशाइडमध्ये, म्हणजे मंजुरीच्या कागदात, येईल, तेही मुदतीसह.

नमुन्याची जागा: प्लेटिंगच्या पाण्यावर प्रक्रिया झाल्यानंतर, पण संडासाच्या किंवा इतर कोणत्याही पाण्यात ते मिसळण्यापूर्वी. तिथे माणूस वाकून बाटली भरू शकेल असा चेंबर लागतो. मशीनच्या मागे, पायऱ्यांखाली, कुलूप लावून ठेवलेला चेंबर चालत नाही. तपासणीला येणारा माणूस आधी फोन करत नाही.

नमुन्याची पद्धतही आन्हांग ठरवतो. बऱ्याच ठिकाणी ‘पात्र नमुना’ किंवा दोन तासांचा मिश्र नमुना लागतो. पात्र नमुना म्हणजे जास्तीत जास्त दोन तासांत, किमान दोन मिनिटांच्या अंतराने घेतलेले किमान पाच नमुने एकत्र करून. सकाळी सातला घेतलेली एक बाटली अर्जासोबत जोडून उपयोग नाही. लाइन पूर्ण भाराने चालू असतानाचे, वेगवेगळ्या दिवसांचे निकाल द्या. वाईट निकालही द्या. एकही वर गेलेला आकडा नसलेली यादी पाहून कोणीही भुवया उंचावतो.

## टप्पा ५: आधी भेट, मग अर्ज

कोणाकडे जायचं हे राज्यागणिक बदलतं. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याची किंवा मोठ्या शहराची उन्टेरे वासरबेहोर्डे (स्थानिक जलखातं). नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये मोठ्या उद्योगांसाठी बेत्सिर्क्सरेगिरुंग, हेसेनमध्ये रेगिरुंग्सप्रेझिडियुम (दोन्ही विभागीय प्रशासनं). बायर्नमध्ये निर्णय जिल्हा कार्यालयाचा असतो, पण तांत्रिक मत वासरविर्टशाफ्ट्सआम्टचं (जलव्यवस्थापन कार्यालयाचं) असतं आणि ते प्रत्यक्षात निर्णायक ठरतं.

फोन करून भेट मागा. जाताना तीनच कागद न्या: ताळेबंदाचा तक्ता, प्रवाहांचं एका पानाचं रेखाचित्र आणि आवाराचा नकाशा. कंपनीचं प्रेझेंटेशन नको. भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: कोणते आन्हांग लागू होतील, कागदांची पूर्ण यादी आणि किती प्रती. परत आल्यावर त्याच दिवशी काय ठरलं याची ईमेल पाठवा. सहा महिन्यांनी अधिकारी बदलला तर ही ईमेलच तुमचा पुरावा.

आणखी एक प्रश्न इथेच सोडवा. प्लेटिंगच्या सक्रिय बाथचं एकूण आकारमान ३० घनमीटर किंवा जास्त असेल तर कारखान्याला प्रदूषण-संरक्षण कायद्याखाली, म्हणजे ‘बिम्श’ खाली, वेगळी परवानगी लागते. त्या परवानगीत गटारात सोडण्याची गेनेमिगुंग सामावून जाते. नदीत सोडण्याची एरलाउबनिस मात्र सामावत नाही, ती स्वतंत्र मागावी लागते. ‘बिम्श मिळालं, सगळं झालं’ म्हणून नदीत पाणी सोडणारे कारखाने मी पाहिले आहेत.

थांबा: अर्ज आणि जोडपत्रं जर्मनमध्येच. कार्यालयाची भाषा जर्मन आहे. पुण्याच्या मुख्यालयातून आलेला इंग्रजी डिझाइन रिपोर्ट जोडाल तर आधी भाषांतर आणा, असं उत्तर येईल.

## टप्पा ६: नदीचा हिशेब (फक्त थेट सोडणाऱ्यांसाठी)

गटारात सोडणारे थेट सातव्या टप्प्यावर जाऊ शकतात.

नदीत सोडायचं असेल तर आन्हांग पाळणं ही किमान अट. जल कायद्याच्या कलम १२ प्रमाणे एरलाउबनिस हा हक्क नाही, देणं-न देणं खात्याच्या विवेकावर आहे. युरोपीय न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी वेझर नदीच्या खटल्यात सांगितलं की एकाही गुणवत्ता घटकाचा वर्ग एक पायरीने घसरला तर ती नदीची अवनती ठरते. तेव्हापासून हा हिशेब कोणीच सोडत नाही.

ढोबळ हिशेब घरी करून बघा. ओढ्याच्या दरवर्षीच्या सर्वांत कमी प्रवाहाची सरासरी, जिला एमएनक्यू म्हणतात, समजा सेकंदाला ३८ लिटर. तुमचा विसर्ग सेकंदाला २ लिटर, निकेल ०.५ मिलिग्रॅम. ओढ्यात आधी निकेल नाही असं धरलं तरी मिसळल्यावर ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २५ मायक्रोग्रॅम. पृष्ठजल नियमावलीत निकेलची वार्षिक सरासरी मर्यादा, जैवउपलब्ध अंशासाठी, ४ मायक्रोग्रॅम आहे. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरं, कारण एक कमी प्रवाहाचा क्षण आहे आणि दुसरी वर्षाची सरासरी. पण इतकं अंतर दिसलं की आन्हांग ४० पाळूनही छोट्या ओढ्याला तुम्ही जड आहात, हे कळतं. तेव्हा गटाराची वाट किंवा पाण्याचा पुनर्वापर हाच विचार करा.

आणि हव्या त्यापेक्षा मोठे आकडे मागू नका. आपल्याकडची सवय, ‘थोडं जास्त मागून ठेवा’. इथे ती महागात पडते. नदीत सोडणाऱ्याला सांडपाणी कर भरावा लागतो आणि तो मुख्यतः परवान्यातल्या आकड्यांवर बसतो. कर ‘हानी एककां’त मोजतात. एक हानी एकक म्हणजे ५० किलो सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप), दर एककाला ३५.७९ युरो. वर्षाला ५०,००० घनमीटर आणि सीओडी १०० मिलिग्रॅम मागितलं तर ५,००० किलो, १०० एककं, ३,५७९ युरो. ‘सोयीसाठी’ १५० मागितलं तर ५,३६८.५० युरो. सवलती धरलेल्या नाहीत, आणि निकेलची एककं वेगळी. शिवाय दिवसाला ७५० घनमीटरपेक्षा जास्त सोडण्याची परवानगी मिळाली की जल कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे जलसंरक्षण अधिकारी नेमावा लागतो. प्रत्यक्ष किती सोडता याला महत्त्व नाही, परवानगी किती आहे ते बघतात.

## टप्पा ७: फाइल बांधा

राज्यानुसार यादी थोडी बदलते. साधारण हे लागतं:

1. अर्जपत्र, अधिकृत सहीने.
2. स्पष्टीकरणात्मक अहवाल. प्रक्रिया, ताळेबंद, आन्हांगची कलमवार पूर्तता.
3. परिसराचा नकाशा, आवाराचा ड्रेनेज नकाशा, विसर्गाच्या जागेचे निर्देशांक आणि जमिनीचा भूखंड क्रमांक.
4. प्रक्रिया प्लांटचं प्रवाहचित्र आणि आकारमानाची गणितं.
5. रसायनांची यादी आणि सुरक्षितता पत्रकं.
6. नमुन्यांचे निकाल, नमुना कसा घेतला त्याच्या नोंदीसह.
7. आम्ल-अल्कलीच्या साठवणुकीची माहिती.

यातला दुसरा मुद्दा फाइलचा कणा. आन्हांगमधली प्रत्येक ओळ डावीकडे, ‘आमच्याकडे कसं’ उजवीकडे, असा तक्ता करा. ‘लागू नाही’ लिहिलंत तर का नाही ते एका वाक्यात लिहा.

तपासा: ताळेबंद, अहवाल, नकाशा आणि अर्जपत्र यांतला दैनंदिन प्रवाह एकच आहे ना? एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३२ घनमीटर हे फाइल परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. शेवटच्या रात्री कोणीतरी एका ठिकाणचा आकडा ‘सुधारतो’.

## टप्पा ८: वाट पाहताना

पोच आणि ‘कागद पूर्ण आहेत’ ही नोंद लेखी मागून घ्या. प्रश्न आले की सुटे सुटे न पाठवता एकत्र उत्तर द्या.

मशीन आली, ऑर्डर आहे, परवाना नाही. अशा वेळी गपचूप ट्रायल घेऊ नका. जल कायद्याच्या कलम १७ मध्ये आगाऊ सुरुवातीची वेगळी परवानगी आहे. निर्णय तुमच्या बाजूने लागण्याची शक्यता असावी, हिताचं कारण असावं आणि नुकसान भरून देऊन सगळं पूर्ववत करण्याची हमी द्यावी लागते. परवान्याशिवाय पाणी दूषित करणं हा दंडसंहितेच्या कलम ३२४ चा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दंड, निष्काळजीपणाने झालं तरी तीन वर्षांपर्यंत. आणि ती कंपनीला नाही, माणसाला होते.

## टप्पा ९: बेशाइड शेवटून वाचा

मंजुरीचा कागद म्हणजे बेशाइड. आला की पेढे वाटण्याआधी शेवटचं पान उघडा. तिथे हरकत कुठे आणि कशी घ्यायची ते लिहिलेलं असतं. मुदत साधारण कागद हाती पडल्यापासून एक महिना. काही राज्यांत आधी विडरश्प्रूख नावाची हरकत, काहींत सरळ प्रशासकीय न्यायालय. महिना गेला की अट चुकीची असली तरी ती तुमची झाली.

मग नेबेनबेश्टिमुंगन, म्हणजे अटी. प्रत्येक अटीपुढे जबाबदार माणूस आणि तारीख लिहा. मुदत संपण्याची तारीखही लिहा. परवाना आपोआप वाढत नाही आणि एरलाउबनिस मुळात रद्द करता येण्याजोगी असते.

## टप्पा १०: पाणी सुरू झाल्यावर

सरकारी तपासणीत एक निकाल वर गेला म्हणजे लगेच मर्यादा मोडली असं होत नाही. सांडपाणी नियमावलीच्या कलम ६ प्रमाणे शेवटच्या पाच सरकारी निकालांपैकी चार मर्यादेत हवेत आणि पाचवा मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. निकेल ०.८ आलं तर एकदा चालून जाईल, १.१ आलं तर नाही. ही सवलत फक्त सरकारी नमुन्यांना आहे. तुमच्या स्वतःच्या मोजणीत आकडा वर गेला तर कारण आणि उपाय त्याच दिवशी प्लांटच्या रोजवहीत, बेट्रीब्सटागेबूखमध्ये, लिहा. नंतर एकाच पेनाने, एकाच अक्षरात महिनाभराच्या नोंदी भरलेल्या कोणालाही ओळखू येतात.

आणि खरेदी विभागाला एक नियम घालून द्या: बाथचं कोणतंही रसायन, डिग्रीझरसुद्धा, पर्यावरण विभागाची सही असल्याशिवाय बदलायचं नाही. स्वस्त मिळालं म्हणून आणलेल्या नव्या डिग्रीझरच्या सुरक्षितता पत्रकात तिसऱ्या भागात, घटकांच्या यादीत, ईडीटीए आहे का ते ऑर्डर देण्याआधी पाहा.